शाळेची भिंत, ६४ फूट: रंगकामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

काम ठरलं. बेळगाव-खानापूर रस्त्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका गावातली सरकारी मराठी शाळा. कंपाऊंडची आतली बाजू, लांबी ६४ फूट, उंची ७. शाळेला सुट्टी लागलीय, म्हणजे मे अखेरपर्यंत अंगण मोकळं. रंगाचा खर्च एसडीएमसी, म्हणजे शाळेची देखरेख समिती, करणार, मजुरी माजी विद्यार्थी वर्गणी काढून देणार. निम्मी उचल आजच हातात आली. उरलेल्या निम्म्याचं पुढं बघू.

विषय हेडबाईंचा. अंतराळ आणि भविष्यातलं शहर. शाळांच्या भिंतींवर मी आजवर काढलं ते कर्नाटकाचा नकाशा, पचनसंस्था, बाराखडी आणि झाडे लावा. बाई म्हणाल्या, "ते सगळं पुस्तकात आहे ओ. पोरांनी न बघितलेलं काहीतरी येऊ दे." न बघितलेलं मी तरी कुठं बघितलंय? पण हो म्हणून बसलो. फ्लेक्स आल्यापासून महिनाभर सलग ब्रश धरायचं काम मिळालेलं आठवत नाही.

१५ एप्रिल

भिंत जांभ्याची, वरून सिमेंटचा गिलावा. तारेच्या ब्रशने खरवडली. डाव्या टोकाला खाली हात लावला तर गार ओल. पलीकडे गोठा आहे, त्याचं पाणी मुरतं. गोठेवाल्याशी बोललो, "बघूया की" म्हणाला. म्हणजे काही होणार नाही. तेवढ्या भागाला वॉटरप्रूफचे दोन हात जास्त, मग सगळ्या भिंतीला प्रायमर.

वाटणी अशी: डावीकडून मंगळ १४ फूट, चंद्र २०, अंतराळातलं फिरतं शहर १६, आणि उरलेल्या १४ फुटांत आपलं बेळगाव, शंभर वर्षांनंतरचं.

१८ एप्रिल

कागदावर चंद्र काढला. डोंगर एकदम सुळके, कॅलेंडरावर असतात तसे. रात्री अपोलोचे फोटो मोबाइलवर मोठे करून बघत बसलो आणि कागद फाडला. चंद्रावरचे डोंगर गोलसर, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखे. वारा नाही, पाऊस नाही, म्हणजे झीज नाही, म्हणजे टोकं शाबूत असणार, असा आपला सरळ हिशेब. पण अब्जावधी वर्षं बारीक-बारीक उल्का आदळून सगळ्या कडा बोथट झाल्यात.

ही चूक मोठमोठ्यांनी केलीय हे कळलं तेव्हा जरा बरं वाटलं. चेस्ली बोनस्टेल, अमेरिकेतला, १८८८ चा जन्म. शिकला वास्तुकला, पुढे हॉलिवूडच्या सिनेमांसाठी पार्श्वभूमीची चित्रं रंगवली. म्हणजे आपल्याच जातकुळीतला. १९४४ मध्ये त्याचं शनीचं चित्र साप्ताहिकात छापून आलं, टायटन या उपग्रहावर उभं राहून शनी कसा दिसेल ते, आणि लोक वेडे झाले. याच माणसाने बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात १९५७ साली ४० फुटी चंद्र रंगवला. सगळे सुळके. पुढे माणसं खरोखरच चंद्रावर जाऊन आली आणि १९७० मध्ये ते चित्र उतरवावं लागलं.

त्याच्या आधी फ्रान्समध्ये ल्युसियाँ रुदो म्हणून एक होता. तो दुर्बिणीतून चंद्राची कड बघायचा. कडेवरचे डोंगर बाजूने दिसतात, त्यामुळे आकार कळतो. त्याने गोल डोंगर काढले, अपोलोच्या कितीतरी आधी. बरोबर तो होता आणि नाव दुसऱ्याचं झालं. टायटनचंही तसंच. तिथं दाट केशरी धुकं आहे, २००५ मध्ये ह्युजेन्स यान उतरलं त्याला जमिनीवरून शनी दिसायचा प्रश्नच नव्हता. पण खरं सांगतो, बोनस्टेलचं ते चुकीचं चित्र बघून अंगावर काटा येतो. रुदोचं बघून नुसती मान डोलते.

मी गोल डोंगर काढणार. काटा कुठून आणायचा ते नंतर बघू.

२१ एप्रिल

चंद्रावर विक्रम लँडर आलाच पाहिजे. २३ ऑगस्ट २०२३ ला तो उतरला तेव्हा याच शाळेत पोरं टीव्हीसमोर बसली होती, असं शिपाईमामा सांगत होते. आकाश काळं. तारे काढायचे नाहीत. उन्हातल्या चंद्रजमिनीच्या उजेडापुढे ते डोळ्याला किंवा कॅमेऱ्याला लागत नाहीत. मदतनीस पोरगा नाराज झाला, त्याला ब्रश झटकून तारे मारायचे होते.

मग पृथ्वी. बाईंना मोठी हवीय, "परातीएवढी तरी काढा." हिशेब घातला. आपल्याला चंद्र दिसतो अर्धा अंश. तिथून पृथ्वी दिसते साधारण दोन अंश, म्हणजे रुंदीला चौपटीच्या आसपास. मी २० फुटांत ६० अंशांचा देखावा धरलाय, तेव्हा एक अंशाला ४ इंच. पृथ्वी झाली ८ इंच. परात नव्हे, नाश्त्याची ताटली.

पुढचा घोळ जागेचा. विक्रम आहे चंद्राच्या दक्षिणेला, ६९ अंशांच्या पुढे. तिथून पृथ्वी क्षितिजापासून साधारण १७ अंश वर, आणि कायम तिथंच. उगवत नाही, मावळत नाही, थोडी डुलते एवढंच. १७ चोक ६८ इंच. क्षितिजाची रेघ जमिनीपासून अडीच फुटांवर मारली तर पृथ्वी भिंतीच्या वर, हवेत! रेघ खाली आणत आणत एक फुटावर आणली तेव्हा ताटली वरच्या कठड्याला बरोबर टेकली. आता जमिनीला जागा एक फूट आणि आकाशाला सहा. लँडर बसवायला अवघड, पण ठेवलं तसंच. सहा फूट काळं आणि अगदी वर कठड्याला चिकटलेली निळी ताटली. सूत मारून लांबून बघितलं तेव्हा कळलं, काटा आला तो इथं.

२४ एप्रिल

उद्यमबागला ओळखीच्या फौंड्रीत गेलो. साच्याची वाळू वापरून वापरून काळी-करडी होते, मागच्या बाजूला तिचे ढीग पडलेले असतात. दोन पोती उचलली, पैसे घेतले नाहीत. चंद्राची माती फोटोत पांढरी वाटते तेवढी ती नाही. झिजलेल्या डांबरी रस्त्यासारखी काळसर आहे. फौंड्रीची वाळू हुबेहूब. चाळली, धुतली, वाळवली, बाइंडरमध्ये कालवून पाव इंच थर दिला आणि ओला असतानाच जुनी चप्पल दाबली. उमटलं.

ॲलन बीन म्हणून अपोलो १२ चा अंतराळवीर, चंद्रावर पाय ठेवणारा चौथा माणूस, पुढे नोकरी सोडून चित्रकार झाला. तो कॅनव्हासच्या थरावर चंद्रावर नेलेला हातोडा आणि बुटाचा ठसा मारायचा आणि आपल्या पोशाखावरच्या बिल्ल्यांत अडकलेली थोडी चंद्रधूळ रंगात घालायचा. माझ्याकडे उद्यमबागची धूळ आणि बाटाची चप्पल.

२८ एप्रिल

मदतनीस गायब. उद्या इथली वैशाखातली शिवजयंती, गल्लीच्या चित्ररथाचं काम. विचारण्यात अर्थ नाही, मीपण त्याच्या वयात हेच केलंय. परांचीवर एकटा चढायचं नाही, हे बायकोला वचन दिलंय. त्यामुळे खालचंच काम. चंद्राच्या सावल्या. सूर्य तिथं जास्तीत जास्त वीसेक अंश चढतो, म्हणून सावल्या लांबच लांब. विक्रमची सावली भिंतीबाहेर जाईल एवढी.

३ मे

पोरगा आला. डोळे लाल, आवाज बसलेला, अंगभर सोनेरी रंग. निम्मा दिवस झोपला.

५ मे

चंद्र बसेना. लांबचा डोंगर लांब वाटत नाही, मागं टेकवून ठेवलेला पुठ्ठा वाटतो. कारण सापडलं तेव्हा स्वतःवरच हसलो. बेळगावात जलरंग शिकणारा कुणीही पहिल्यांदा धुकं शिकतो. मी इथले चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या शिष्यांच्या शिष्याकडे शिकलो. पुढचं झाड गडद, मागचं निळसर, त्याच्या मागचा राजहंसगड नुसता पाण्याचा हात फिरवल्यासारखा. इथली हवाच तशी. चंद्रावर हवाच नाही. दहा मैलांवरचा डोंगर आणि दहा पावलांवरचा दगड, दोन्ही सारखेच ठसठशीत. अपोलो १४ च्या दोघांना कोन नावाच्या विवराच्या कडेपर्यंत जायचं होतं. चढावर अंतराचा अंदाजच येईना, शेवटी परत फिरले. नंतर कळलं, कड जवळजवळ ३० मीटरवर राहिली होती.

म्हणजे खोली दाखवायला रंग फिका करायचा नाही. एकावर एक झाकून दाखवायचं, आणि प्रज्ञान रोव्हरच्या चाकांच्या दोन रेघा पुढून मागं बारीक बारीक करत न्यायच्या. रेघा मारल्या आणि डोंगर धपकन मागं सरकला.

९ मे

मंगळ. रंगासाठी दुकानात गेलोच नाही. जांबोटीच्या बाजूची तांबडी माती आणली. मंगळ लाल का, तर लोखंडाच्या गंजाने. आपली जांभ्याची माती लाल का, तर तेच. वस्त्रगाळ केली, बादलीत पाण्यात ढवळली, जड वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत. असं तीनदा. तळाला राहतो तो लोण्यासारखा गाळ. वाळवून बाइंडरमध्ये खलला. दुकानातल्या रेड ऑक्साइडपेक्षा दोन पावलं पिवळसर, आणि मंगळाच्या फोटोंना तोच लागतो.

मंगळावरचं आकाश दिवसा मातकट आणि सूर्यास्त निळा. आपल्या उलट. तिथली धूळ इतकी बारीक की मावळत्या सूर्याभोवती निळा उजेडच पुढं येतो. क्युरिऑसिटी गाडीने २०१५ मध्ये त्याचा रंगीत फोटो पाठवला. सूर्य आपल्याकडच्या दोनतृतीयांशाएवढाच काढला. पाणी भरायला आलेल्या एका मावशी थांबल्या, म्हणाल्या, "काय काढूलालाय ओ? आमचं शेत काय?" मंगळ म्हटलं. "मग सूर्याला नीळ कुणी लावली?"

गोठ्याकडचा कोपरा अजून ओलसर आहे. लक्ष ठेवायचं.

१४ मे

फिरतं शहर. १९७५ च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्रात शास्त्रज्ञांनी अंतराळातल्या वस्त्यांचा अभ्यास केला. त्यांची चित्रं डॉन डेव्हिस आणि रिक ग्विडिस या दोघांनी काढली. मोठ्या सायकलच्या ट्यूबसारखं चाक, व्यास १.८ किलोमीटर, ट्यूब १३० मीटर जाड, आत वस्ती दहा हजारांची. चाक मिनिटाला एक फेरी मारतं, त्यामुळे आतली माणसं बाहेरच्या बाजूला दाबली जातात आणि वजन पृथ्वीएवढंच भासतं. पाण्याची बादली गरागरा फिरवली की पाणी सांडत नाही, तेच.

पोराला समजावलं, पटलं. "मग सरळ चालत गेलं तर?" साडेपाच किलोमीटर चाललं की माघारी आपल्याच दारात. तो म्हणाला, "म्हणजे एस्केपच नाही."

काढायला मात्र महाकठीण. तीस वर्षं मी पहिल्यांदा आडवी रेघ मारतो, मग बाकीचं. इथं क्षितिजच नाही. जमीन पुढं वर चढत जाते, लांबची घरं आपल्याकडे कलल्यासारखी दिसतात आणि मग सगळं छताआड जातं. कंपास घेऊन जमिनीवर खडूने काढलं तेव्हा छताआड जाण्याचं अंतर आलं साधारण ९८० मीटर. दोन दिवस गेले. ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला, त्याचं काही काम नव्हतं.

१७ मे

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि डोक्यातून जाईना. एम्सची ती चित्रं पुन्हा पुन्हा बघितली, मोबाइलवर मिळाली तेवढी. झाडं आहेत, ओढा आहे, उतरती घरं आहेत, लोक निवांत बसलेत. एकही पाटी नाही. दहा हजार माणसं राहतात तिथं न्हावी कुठं बसतो? दवाखाना कुठला? चित्रकाराला पाटीचं काय म्हणा. पण मी पाट्यांवर पोट भरलेला माणूस. पाटी नसलेला रस्ता मला अजून कुणी राहायला न आलेल्या घरासारखा दिसतो.

२० मे

शंभर वर्षांनंतरचं बेळगाव. किल्ल्याचा तलाव, कपिलेश्वरचा कळस, मधून हवेतून जाणारी रेल्वे, उंच इमारतींवर झाडं. बळ्ळारी नाला स्वच्छ काढला, त्यात पोरं पोहताना. एवढी सूट चित्रकाराला हवी.

संध्याकाळी गावातले एक अण्णा सायकल टेकवून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "बेष्ट झालंय. भात कुठं हाय?" मी म्हटलं, शहर आहे अण्णा. "शहरातली माणसं बी खातातच की. आन् येळ्ळूर-शहापूरची बासमतीची जमीन, तिच्यावर हे टावर व्हय?" हलगा-मच्छे बायपासवरून इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलंय. त्यांना चित्रातही जमीन गेलेली दिसते. मी गप्प. ते गेल्यावर दोन टॉवर पांढऱ्याने मारले. तिथं आता वाफे. आणि वरच्या कोपऱ्यात राकसकोप धरणाचं पाणी. ते नसेल तर शहर कसलं?

पाट्या उद्या.

२१ मे

उद्या म्हटलं आणि सकाळीच बाई, एसडीएमसीचे दोघं आणि शिपाईमामा हजर. कुणीतरी विचारलं, शंभर वर्षांनी पाट्या कुठल्या भाषेत? सगळे हसले, मग कुणी हसेना. बेळगावात हा प्रश्न विनोदाचा नाही. २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवंच. मी स्वतः टेप लावून साठ टक्के मोजून पाट्या रंगवल्यात. मराठीसाठी आंदोलन करून आत गेलेले आमच्याच गल्लीत आहेत. बाई सरकारी नोकर, त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की कुठलंच अक्षर नको.

हाताला दोन्ही लिप्या सारख्याच जवळच्या. देवनागरी वरच्या रेघेला टांगलेली, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कन्नड खाली बसलेली, गोल, डोक्यावर तलेकट्टूचा तुरा. कन्नडचा गोल एका दमात ओढायला मला पाच वर्षं लागली, तो चांगला आला की आजही बरं वाटतं. पण हे त्या बैठकीत कुणाला सांगणार?

एकाने सुचवलं, पाट्याच नकोत. मी नको म्हटलं. आवाज जरा चढला असावा.

२४ मे

मान्सून आज केरळात आला, आठ दिवस आधीच. इथं चार दिवसांपासून वळीव सोडत नाही. ताडपत्री बांधून दोन दिवस काम. वाऱ्याने रात्री एक टोक सुटलं आणि नाल्यात पोहणारी पोरं वाहून गेली. खरोखरच वाहून गेली, नुसते निळे ओघळ. पुन्हा काढली, या वेळी एक कमी.

३१ मे

शाळा उघडली. पाट्यांचा तोडगा सापडला होता, तो बाईंना आधी सांगितला नाही, थेट करून टाकला. दुकानांवर सगळ्या मिळून अकरा पाट्या आहेत. प्रत्येकीवर बाजूला जुन्या पद्धतीचं चित्र, वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी काढायचो तसं. कात्री-कंगवा, सायकलचं चाक, चष्मा, पणती. उरलेल्या जागेत फळ्याचा काळा रंग, तीन हात, वर पॉलिश पेपर. खडूने लिहा, पुसा.

पहिल्यांदा लिहिलं ते शिपाईमामांनी. मला वाटलं, काहीतरी सुविचार लिहितील. लिहिलं, "उद्या नळाला पाणी नाही."

मधल्या सुट्टीत गर्दी. एका पाटीवर वडापाव, एकीवर "सरांची चप्पल दुरुस्त करून मिळेल". एका पोरीने कन्नडमध्ये आपलं नाव लिहिलं, खाली मराठीत, मग मोजून बघितलं कुठलं लांब झालं. नावात कन्नडला जागा कमी लागली. साठ टक्के भरलं नाही, असं मी म्हटलं तर तिने अक्षरं जाड केली.

बाईंनी लांबूनच बघितलं. काही बोलल्या नाहीत. उरलेली मजुरी चार दिवसांत देते म्हणाल्या.

१२ जून

मजुरी आली, पाचशे कमी. वर्गणीतला एकजण दुबईला गेला म्हणे.

सातवीच्या वर्गाने बोलावलं म्हणून गेलो. अलेक्सेई लिओनोव्हची गोष्ट सांगितली. १८ मार्च १९६५, यानाबाहेर पहिल्यांदा तरंगलेला माणूस, बारा मिनिटं. व्होस्खोद-२ मध्ये त्याने रंगीत पेन्सिली नेल्या होत्या, दोऱ्याने मनगटाच्या पट्ट्याला बांधून, तरंगून जाऊ नयेत म्हणून. यानातच त्याने सूर्योदय काढला. अंतराळात काढलेलं पहिलं चित्र. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाच्या पेन्सिली मनगटाला बांधलेल्या. गणिताचे सर वैतागलेत, असं कळलं.

२५ जून, बुधवार

दुपारी बाराला शुभांशू शुक्लांचं यान उडालं. राकेश शर्मांनंतर, १९८४ नंतर, अंतराळात गेलेला दुसरा भारतीय. बाईंचा फोन, यांना भिंतीवर घ्या. जागा फक्त चंद्राच्या काळ्या आकाशात. पण ते चंद्रावर गेलेले नाहीत, पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवरच्या स्थानकात. माझ्या मोजमापाने ते स्थानक त्या आठ इंची ताटलीच्या कडेपासून चतकोर इंचावर येतं. पावसाच्या उघडिपीत शिडी लावून तिथं पांढरा ठिपका दिला. खालून दिसत नाही. बाईंना दाखवला, त्यांनी डोळे बारीक केले, म्हणाल्या, "बरं."

३ जुलै

बघायला गेलो. चंद्र उत्तम. वाळूचा थर कुठंच सुटला नाही, पोरांनी बुटांची मापं लावून लावून माझ्या चपलेचा ठसा गुळगुळीत केलाय. पाट्यांवर पावसाने काही शिल्लक ठेवलेलं नाही. छपराकडच्या दोनच कोरड्या, त्यांतल्या एकीवर अजून नळाची सूचना.

मंगळावर मात्र डाव्या खालच्या कोपऱ्यात खार फुटलाय. पांढरी बुरशी यावी तसा, वीतभर. गोठ्याचं पाणी. पोरं म्हणतात, बर्फ आहे. मंगळाच्या ध्रुवांवर बर्फ असतो खरा, पण मी काढला तो भाग ध्रुवाजवळचा नाही. आता हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर खरवडून परत माती भरायची. जांबोटीच्या मातीचा एक डबा बाजूला ठेवलाय, झाकणावर तारीख घातलीय.